आईचं उत्तर तुम्हाला सांगायचं राहिलं

बाई, माझ्या आधी आईची दोन मुलं गेली. हे तुम्हाला माहीत आहे. पण पुढचं सांगायचं तर इथूनच सुरू करावं लागतं, म्हणून पुन्हा लिहिते.

दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी व्हायची. म्हातारी माणसं तेवढी मागे राहायची. बाकी सगळे भांडी, कोंबड्या, पोरं ट्रकात घालून वीटभट्टीवर, भिवंडी-कल्याणच्या बाजूला. तिथलं झोपडं म्हणजे कच्च्या विटा एकावर एक रचलेल्या आणि वर पेंढा. मोठं माणूस आत उभं राहू शकत नसे. तिथे माझा थोरला भाऊ होळीच्या आत तापानं गेला. भट्टीच्या शेठनं थोडे दिवस आधीच सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, हा पोरगा साहेब होणार. पुढच्या हंगामात बहीण गेली, जुलाबानं. ती चालायच्या आधी बोलायला लागली होती, आणि शेजारच्या झोपड्यांतल्या बाया तिला मुद्दाम कडेवर घेऊन बोलायला लावायच्या. दवाखाना लांब होता, पाणी घाण होतं, दोघांच्या अंगावर मांस नव्हतं. हे मी आज शिकून सांगते. आईनं तेव्हा एकच गोष्ट मनात धरली. दोघांचं लोकांनी तोंडावर कौतुक केलं, आणि दोघं गेली.

मग मी झाले. माझं नाव धोंडी ठेवलं, कुणाची नजर वळू नये म्हणून. आणि पोरगी कशी आहे असं कुणीही विचारलं की आई सांगायची, येडी हाय. पाहुण्यांना, भट्टीवरच्या मुकादमाला, सख्ख्या मामाला सुद्धा. माझ्या पदवीच्या कागदावर धोंडी हेच नाव आहे. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, बदलून घे. मी नाही बदललं. या नावानं मला जगवलं असं आई मानते, आणि त्यावर मी तिच्याशी भांडत नाही. भांडत आले ते दुसऱ्या शब्दावर. तुमच्याशीही त्याच शब्दावर भांडले.

तुम्ही आमच्या वाडीत पहिल्यांदा आलात ते भादव्यात. पायात शहरातल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि बांधावरून घसरून एका बाजूनं चिखलानं माखलेल्या. वाडीला कळलं होतं की कोणी डोकं तपासणारी बाई येणार आहे. गुरुजींनी तुमची ओळख शैक्षणिक मानसशास्त्राच्या तज्ज्ञ अशी करून दिली, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. तुम्ही शेवटपर्यंत डोक्याच्या बाईच राहिलात. पुढे बाया तुम्हाला चिडवायच्या, बाई, आमच्या पोरांची डोकी तुमी बघता, तुमचं कोन बघतं? तुम्ही म्हणायच्या, तुम्हीच बघताय की रोज, फुकटात.

पण त्या पहिल्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. तुम्ही ओट्यावर बसून चित्रं मांडलीत आणि मला विचारलंत, यातलं वेगळं कुठलं. मी बोलले नाही. लाकडी ठोकळे दिलेत, मी हात लावला नाही. अनोळखी माणसासमोर हुशारी दाखवायची नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं, घरातल्या हवेतच ते होतं. मग तुम्ही आईला विचारलंत, मुलगी कशी आहे? आई म्हणाली, येडी हाय वो. काय नाय कळत तिला. तुम्ही मान हलवलीत आणि लिहून घेतलंत.

त्यानंतर शाळेत मी मागच्या भिंतीला बसले. गुरुजी वाईट नव्हते. ते मला पाणी भरायला लावायचे, फळा पुसायला लावायचे, पण प्रश्न विचारायचे नाहीत. ज्या मुलांना काही येणार नाही असं ठरलेलं असतं त्यांच्याशी शिक्षक फार गोड बोलतात. तो गोडवा मला अजून ओळखू येतो, कुठल्याही वर्गात शिरल्या शिरल्या.

चूक तुम्हाला कळली ती सरळगावच्या बाजारात. आईच्या पायावर कोयता पडला होता, बाप कसाऱ्याकडे मजुरीला गेला होता, म्हणून बाजाराला मी एकटी. टोपलीत शेवळाच्या जुड्या. तुम्ही भाजी घ्यायला वाकलात आणि मला ओळखलंत. मी तुम्हाला जुडी दिली, बरोबर काकडाची फळं दिली आणि सांगितलं की ही घातल्याशिवाय शिजवू नका, घसा खाजेल. तुम्ही बाजूला उभ्या राहून बघत राहिलात. मी मीठ घेतलं, शेजारच्या घरचं तेल घेतलं, चुलतीचा निरोप तिच्या भावाला दिला, त्याचा उलटा निरोप घेतला, कासाराला सांगितलं की पाटलांच्या घरी लग्न आहे तर पुढच्या खेपेला हिरव्या बांगड्या आण. तुम्ही माझ्याबरोबर वाडीपर्यंत चालत आलात. वाटेत काही बोलला नाहीत. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

घरी आलात आणि आईला म्हणालात, “तुम्ही तर येडी आहे म्हणालात. मग बाजाराला एकटी कशी धाडलीत?”

आई पाय लांब करून बसली होती. तिनं पायावरची चिंधी नीट केली. मग म्हणाली, “मग काय तुमच्यापुढं शानी म्हनू? दोन शाने गेले माजे.”

तुम्ही तिथेच ओट्यावर बसून राहिलात. आईनं मला चहा टाकायला सांगितलं. गूळ घातलेला कोरा चहा तुम्ही प्यायलात, आणि जाताना आईच्या पाया पडलात. एवढ्या शिकलेल्या बाईनं आपल्या आईच्या पाया पडलेलं बघून मला भीती वाटली होती. आता काहीतरी वाईट होणार, असंच वाटलं.

तुमच्या नावावर काय काय आहे ते लोक सांगतीलच. शहापूरला तुमच्यासाठी सभा झाली, हॉल भरला होता, बाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, कुठल्या कुठल्या समित्यांवर होतात ते सांगितलं. मी फक्त एवढं सांगते की त्या दिवसानंतर तुम्ही आईबापांना मूल कसं आहे हे विचारणं बंद केलंत. तुम्ही विचारायला लागलात, याला एकट्याला कुठल्या कामाला धाडता? आणि मग आया मोकळ्या व्हायच्या. त्यात कौतुक नसतं, नजर लागायचं काही नसतं, नुसती कामं असतात. हा गुरं घेऊन जातो. ही धाकट्याला सांभाळून भात शिजवते. याला नाय धाडत, हा वाटेत खेळत बसतो. त्यातून तुम्ही मूल वाचायला शिकलात, मग अंगणवाडीच्या ताईंना शिकवलंत, मग मास्तरांना, मग तुमच्यासारख्याच तज्ज्ञांना. मंद म्हणून बाजूला काढलेली किती मुलं त्या एका प्रश्नानं पुन्हा वर्गात आली. आज लांब लांबच्या ठिकाणी, जिथे शेवळं म्हणजे काय हे कुणाला माहीत नसेल, तिथेही हा प्रश्न शिकवतात. तो प्रश्न आमच्या ओट्यावर जन्माला आला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण बाई, प्रत्येक प्रशिक्षणात तुम्ही ती बाजाराची गोष्ट सांगायच्या. माझी चूक, अशी सुरुवात करायच्या. लोकांचे डोळे भरून यायचे. मी मागे बसलेली असायची, तुमची पिशवी सांभाळत, आणि मला राग यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी बोललेच. तुमच्या गोष्टीत माझी आई शहाणी ठरते, तुम्ही प्रामाणिक ठरता, आणि मी नुसती टोपली घेऊन उभी. मधली वर्षं कुठे गेली? त्या वर्षांत आई मला येडी म्हणत होती ती नजरेला फसवायला, हे तुम्हाला कळलं. मला कुठे कळलं होतं? मला वाटायचं मी येडीच आहे. बाजारातून सगळं बरोबर घेऊन यायची आणि तरी वाटायचं, आज चुकून जमलं.

तुम्ही डबा बंद केलात आणि म्हणालात, मग हे तू सांग. मी म्हटलं, मी कशाला सांगू, तुमचं काम आहे. तिथेच राहिलं.

कॉलेजला मला तुम्हीच घातलंत, शहापूरच्या वसतिगृहात जागाही तुम्हीच बघितलीत. आमच्या घरात, आमच्या वाडीत, पदवी घेतलेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी मी आसनगावला उतरून थेट तुमच्या घरी आले. तुम्ही लसूण सोलत होतात. निकाल बघितलात, बरं म्हणालात, आणि सांगितलंत की सोमवारी वाशिंदच्या शाळेत जा, काही मुलं बघायची आहेत, मी येणार नाही, तू एकटी जा. मग म्हणालात, चहा टाक.

मी चहा टाकला. स्वयंपाकघरात उभी राहून रडले, ते तुम्हाला कळलं असेल, कारण भिंत पातळ होती. मला वाटलं होतं, आई नाही तर निदान तुम्ही तरी शाबास म्हणाल. पुढे मला समजलं की तुमच्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी तीच होती. तुम्ही मला एकटीला धाडलं होतं. अशा किती ठिकाणी धाडलंत मग. पाड्यांवर, पंचायतीच्या सभांत, तुमच्या ऐवजी मोठ्या माणसांपुढे बोलायला. माझ्या आईकडून तुम्ही तिची रीत उचललीत आणि ती माझ्यावरच वापरलीत. तुम्ही पण आईच झालात, असं मी एकदा चिडून म्हटलं. तुम्हाला ते फार आवडलं. मला तसं म्हणायचं नव्हतं.

मागच्या वर्षी तुमच्या गच्चीत आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. मी म्हणत होते की तुमच्या प्रश्नानंतर अजून एक पायरी पाहिजे. आईनं काम सांगितलं, आपल्याला मूल कळलं, शिक्षकांना कळलं. ज्याचं डोकं तपासलं त्याला कोणी सांगितलं का? त्या मुलाला समोर बसवून सांगितलं पाहिजे की तुला हे येतं, हे येतं, तू हुशार आहेस.

तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावर तुमच्या तोंडून एका मुलीला सगळ्यांसमोर शाबास गेलं होतं, आणि दोन दिवसांनी ती तापली. तिच्या आईनं तिला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. पाड्यावर तुम्हाला कुणी पाणी विचारेना. ती मुलगी बरी झाली, पण तो पाडा तुम्हाला पुन्हा उघडायला फार वेळ लागला. तुम्ही म्हणालात, आयांनी दार लावलं तर आपल्याकडे काय राहतं? त्यांचा विश्वास मोडून मी मुलाचं भलं करू शकत नाही.

मी म्हटलं, “बाई, आईनं येडी म्हणणं हे प्रेम असेल. पण ऐकणारी मी होते.”

खाली स्टेशनवर गाडी येऊन गेली. मग तुम्ही म्हणालात, “तुझं बरोबर असेल. पण आयांना दुखावल्याशिवाय ते कसं करायचं, हे मला माहीत नाही. तुला सापडलं तर मला सांग.”

बाई, तुमच्या तोंडून मला माहीत नाही हे मी क्वचितच ऐकलं होतं. त्या दिवशी मी जिंकल्यासारखी घरी गेले. आता वाटतं, थोडा वेळ अजून बसायला हवं होतं.

नंतर तुम्हाला झटका आला आणि बोलणं गेलं. मी यायची तेव्हा तुम्ही खिडकीजवळ बसलेल्या असायच्या, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. तुमचा भाचा चांगला माणूस, मनापासून करायचा तुमचं. पण दारात आलेल्या प्रत्येकाला आधीच सांगायचा, मावशीला आता काही कळत नाही. तुमच्यासमोरच सांगायचा. आयुष्यभर ज्या वाक्याशी तुम्ही झगडलात तेच वाक्य तुमच्या घरात, तुमच्याबद्दल. मी एकदा त्याला म्हटलं, दादा, त्यांना तोंड उघडता येत नाही, कान शाबूत आहेत. तो ओशाळला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर कसली होती हे मला सांगता येणार नाही. तुम्ही शिकवलंय, न कळलेलं लिहून टाकायचं नाही.

तुमच्याशी भांडण पुढे न्यायची मला हिंमत झाली नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी काय भांडायचं. म्हणून मी ते घरी आणलं. आई आणि मी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होतो. मी तिला सगळं सांगितलं, तुमचं म्हणणं, माझं म्हणणं, किन्हवलीकडची ती मुलगी. मला वाटलं होतं, ती तुमचीच बाजू घेईल. तुमचा तिला फार लळा.

आई म्हणाली, “बाईंनी मना कदी ईचारलं नाय. मोठ्यानं नाय बोलायचं, येवढंच हाय. कानात बोलाय कोन नको बोलतो?”

इतकी वर्षं तुम्ही विचार करत होतात, मी वाद घालत होते, आणि आईपुढे हा प्रश्न आपण दोघींपैकी कुणीच ठेवला नव्हता. मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. म्हटलं, मग तू माझ्या कानात का नाही बोललीस?

तिनं शेंग सोलून दाणे टोपात टाकले. “बोल्ले. तू निजलेली आसायची.”

आई उठून आत गेली, कोंबड्या झाकायला लागली. तिच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं. तिनं सांगितलं होतं, ज्याला नजर लागू नये त्याला ते झोपेत सांगितलं होतं, तिचं काम झालं होतं. मी मात्र तिथेच बसून राहिले. लहानपणीची एक तरी झोप अर्धवट मोडली असती तर, एवढंच मनात येत राहिलं.

सकाळी पहिल्या जीपनं निघाले. तुम्हाला सांगायला. तुम्हाला बोलता येणार नव्हतं, पण ऐकायला तर येतं, आणि तुम्हीच म्हणाला होतात, सापडलं तर सांग. शहापूरच्या स्टँडवर भाच्याचा फोन आला. पहाटे गेल्या. शांत गेल्या, असं तो म्हणाला. तसंच म्हणतात.

मी तशीच आसनगावला आले. खोलीत माणसं होती, कुणीतरी तुळशीची पानं शोधत होतं. मी तुमच्याजवळ बसले. वाकून कानात सांगावं असं मनात आलं, खोटं नाही सांगत. पण नाही सांगितलं. ऐकू येणाऱ्यालाच सांगायचं असतं, यावरच तर आपण भांडलो होतो. सगळे तुमचे उपकार मोजत होते आणि मी मनात तुमच्यावर चिडत होते. एक दिवस, बाई. एक दिवस थांबला असतात तर काय झालं असतं?

तुमच्याबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला कृतज्ञता हा शब्द पुरत नाही आणि नीट बसतही नाही. त्यात राग आहे. माझ्याबद्दल चुकीचं लिहून घेतलंत म्हणून नव्हे, ते तुम्ही फेडलंत. मला आयुष्यभर कामाला धाडत राहिलात आणि जवळ बसवून एकदाही बोलला नाहीत, याचा. आणि हे सगळं असूनही, कुठल्याही अनोळखी पाड्यावर शिरताना माझी पावलं डळमळत नाहीत, कारण मला कुणीतरी विश्वासानं धाडलेलं आहे, असं अजून वाटतं. आता धाडणारं कुणी नाही. मी आपली आपण निघते.

तुमच्यानंतर पहिल्यांदा गेले ती मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या एका पाड्यावर. तुमचाच प्रश्न विचारला. आई म्हणाली, हिला रानात धाडते, लाकडं आनते, वाट नाय चुकत. मग मी त्या आईला विचारलं, हे हिला सांगू का? मोठ्यानं नाय, कानात. ती आई घाबरली. दाराकडे बघितलं, कोणी आहे का म्हणून. मग चुलीकडे तोंड करून बसली आणि विझलेल्या चुलीत फुंकर मारायला लागली. म्हणजे सांग, पण मी ऐकलेलं नाही.

मी त्या पोरीला जवळ घेतलं आणि तिच्या बोलीत कानात सांगितलं. माझ्या श्वासानं तिला गुदगुल्या झाल्या. तिनं खांद्यानं कान पुसला आणि बाहेर पळाली. तिला त्यातलं किती पोचलं, मला माहीत नाही. पण ती जागी होती.

मग मी शहापूरला आपल्या कामातल्या सगळ्या मंडळींना बोलावलं आणि ती मधली वर्षं सांगितली, तुमच्या गोष्टीत नसलेली. आईनं काय सांगितलं तेही सांगितलं. कुणी वाद घातला नाही. ताईंनी आपापल्या पाड्यांवर करून बघितलं. एकाही आईनं दार लावलं नाही.

शहापूर आणि मुरबाडमधल्या ज्या शाळांत आणि अंगणवाड्यांत आपण जातो, तिथे आता मूल तपासून झालं की त्याला काय काय येतं ते त्याच्या बोलीत, त्याच्या कानात सांगितलं जातं. ते सांगेपर्यंत तपासणी पुरी झाली असं कुणी धरत नाही.